नदीचा श्लोक, ढगाचा श्लोक

संपादकांचा फोन आला तेव्हा मी पाणी भरत होते. सोलापुरात पाणी यायच्या दिवशी कुणाला फोन करू नये, एवढं तरी दिवाळी अंक काढणाऱ्या माणसाला कळायला हवं. पण ते म्हणाले, "गड्डम बाई, मुलांनी संस्कृत श्लोक पाठ केल्यामुळे काय काय फायदे होतात, यावर तुमचा अनुभव लिहून द्या. वाचकांना उपयोग होईल असं." टाकी भरून वाहायला लागली होती, म्हणून मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला. आता लिहायला बसले आहे, तर तो फायदा शब्दच घशाखाली उतरेना.

फार ऐकलाय हो हा शब्द. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सकाळचा पाठांतराचा वर्ग सुरू केला. दोन स्कूटरी सरकवायच्या, मध्ये सतरंजी टाकायची, झाला वर्ग. तिथे एकदा बँकेत नोकरी करणारं एक जोडपं आलं. मुलगा दुसरीत. गृहस्थांनी विचारलं, "सहा महिन्यांत साधारण किती श्लोक कव्हर होतील?"

मी म्हटलं, "तुमच्या चिरंजीवांच्या घशात मावतील तितके."

बाईंनी विचारलं, "पण स्मरणशक्ती वाढते ना? मार्कांवर परिणाम?"

"होतो की. कमी मार्क पडले तर ते अगदी स्पष्ट उच्चारात सांगतो."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. पण दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला पोरगा सतरंजीवर हजर. आता तो पाचवीत आहे आणि 'ष' म्हणताना अशी काही जीभ वळवतो की माझीच मला लाज वाटते. मार्कांचं मी विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही.

माझं नाव ऐकून लोक नेहमी थबकतात. गड्डम आणि संस्कृत? तेलुगूत गड्डम म्हणजे दाढी. आम्ही विणकर. वडील मागावर आणि आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू आणि दोरा. मी समोर बसून पाठ करायची आणि ती मान वर न करता ऐकायची. तिला ना मराठी नीट यायचं, ना संस्कृत, पण मी अडखळले की तिचा हात थांबायचा. पुन्हा नीट म्हटलं की हात चालू. मला आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात कडक परीक्षक. तंबाखूच्या वासात पाठ केलेले श्लोक आजही म्हणताना मला शिंक येते, हे काही मी वर्गात सांगत नाही.

आता संस्कृतच का, तर त्याचंही ऐका. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत मराठी. मी तोंड उघडलं की वर्गात खसखस पिकायची. मी आईला 'तो' म्हणायचे, भाकरीला 'तो' म्हणायचे. मग मी बोलणंच कमी केलं. आठवीत संस्कृतचा पहिला तास झाला. बाईंनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, वाचा. आणि अहाहा! अख्ख्या वर्गाचं तोंड माझ्यासारखं झालं. वकिलाची मुलगी अडखळली, मास्तरांची मुलगी अडखळली. ही भाषा कुणाच्याच घरात बोलत नव्हते. तिथं सगळेच परगावचे. मी त्या दिवशी घरी पळत पळत गेले होते, आणि इतका आनंद मला नंतर नोकरीची ऑर्डर मिळाली तेव्हाही झाला नाही.

संथा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. श्लोकाचे चार तुकडे असतात, त्याला चरण म्हणतात. मी एक चरण एकदा म्हणायचा, मुलांनी तो जसाच्या तसा दोनदा म्हणायचा. मग दुसरा. मग दोन्ही जोडून. असा सगळा श्लोक. याला संथा देणं म्हणतात. माझ्या वर्गात पुस्तक उघडायचं नाही, वही काढायची नाही. माझ्या तोंडाकडे बघायचं आणि ऐकायचं. पाठ झाल्यावर अर्थाची गोष्ट, आणि मग पोरं श्लोकांना आपापली नावं ठेवतात. हत्तीचा, दिव्याचा, आगाऊ कावळ्याचा. पाणी यायच्या दिवशी निम्मी पोरं नळावर असतात, पण तिथंही त्यांचं चालूच असतं. नदीचा श्लोक दोनदा म्हटला की आमच्या नळाखाली कळशी भरते, हे त्यांनीच शोधून काढलंय.

जसाच्या तसा म्हणजे अगदी जसाच्या तसा, बरं का. मी मध्ये खाकरले तर पहिल्या रांगेतली दोन पोरं खाकरतात. मला सर्दी झाली की आठवडाभर सगळा वर्ग नाकात म्हणतो. संथेची ताकद यात आहे आणि धोकाही यातच आहे. गुरूच घसरला तर अख्खी वरात त्याच्यामागे खड्ड्यात.

म्हणून माझ्या वर्गात एक रीत आहे. बाईंची चूक जो पकडेल, त्याने उभं राहून पुढची संथा द्यायची. आणि बाईंनी खाली मुलांत बसायचं आणि मुलांबरोबर दोनदा म्हणायचं. ही रीत माझ्या डोक्यातून आलेली नाही. मी नोकरीत असताना गायकवाड नावाचे एक पालक आले होते, टपाल खात्यात होते. मुलीने संस्कृत घेतलं होतं आणि ते त्यांना पटत नव्हतं. स्वच्छ बोलले. "बाई, जी भाषा ऐकायलासुद्धा आमच्या लोकांना बंदी होती, ती माझ्या पोरीने आता कौतुकाने पाठ करायची का?"

मी म्हटलं, "बंदी माझ्या आजीलाही होतीच. म्हणून तर मी त्या भाषेच्या डोक्यावर बसलेय."

ते हसले, पण पटलं नाहीच. म्हणाले, "आमच्या विहारात एकदा येऊन ऐका. आमची पोरंही पाठ म्हणतात, पालीत." मी गेले. तिथं सात-आठ वर्षांची एक चिमुरडी पुढे बसून गाथा सांगत होती आणि मागे सगळे बापे-बाया, म्हातारेकोतारे तिच्या मागून म्हणत होते. त्या पोरीच्या चेहऱ्यावर जो रुबाब होता! मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं की हे आपल्या वर्गात आणायचं. गायकवाडांच्या मुलीने दहावीपर्यंत संस्कृत ठेवलं. वडिलांचं मत तेच राहिलं आणि आमची दोस्तीही राहिली.

रीत केली खरी, पण इतक्या वर्षांत माझी चूक कुणी पकडली नाही. म्हणजे मी चुकत नव्हते असं नव्हे. पोरांचा माझ्यावर विश्वास फार.

आता भाग्यश्रीची गोष्ट. खरं तर मला तीच सांगायची आहे, वरचं सगळं तिच्यासाठी झाडलोट होती.

आमच्या भागातल्या एका शाळेने मला दर शनिवारी पाठांतराचा तास घ्यायला बोलावलं. तिसरी-चौथीची मुलं एकत्र, शाळेच्या हॉलमध्ये. पहिल्याच शनिवारी त्यांना ही रीत सांगताना मला खांबाला टेकून बसलेली एक मुलगी दिसली. दोन घट्ट वेण्या, तेल चपचपीत. सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती आणि हिचे ओठ मिटलेले. पण डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते. वर्गाच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तिचं सोडा हो बाई. ती बोलतच नाही."

"मुकी आहे?"

"नाही, नाही. पण शाळेत बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी आली वळसंगहून, तेव्हापासून एक शब्द नाही."

काय झालं होतं ते मी हळूहळू पोरांकडूनच काढून घेतलं. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, तुझं घर कुठं? ती उभी राहून ठणठणीत म्हणाली, "हितं न्हाय, वळसंगला हाय." वर्ग हसला. पोरंच ती, हसायचीच. एका कार्ट्याने तिचं नावच 'हायन्हाय' पाडलं. त्यानंतर तिने तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलं. लिहायची सगळं, अक्षरही सुरेख. पण वाचून दाखव म्हटलं की पुस्तकात बघत उभी. नाव विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी.

तिचे वडील मल्लिनाथ टॉवेलच्या कारखान्यात कामाला. एका शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मला भेटायला आले. केसांत, भुवयांत कापसाची बारीक लव. उभ्यानेच बोलले, बस म्हटलं तर बसेनात.

"बाई, घरात लई बोलती वो. आमाला बोलू देत न्हाय. तुमचे श्लोक समदे म्हणती. भांडी घासताना म्हणती, गावाकडं गेली की आज्जीच्या शेळीला म्हणून दावती. हितं आली की काय हुतंय कुणास ठाऊक."

"सगळे म्हणते?"

"व्हय की. तिच्या आईला सुदिक म्हणायला लावती. चुकलं की रागं भरती."

मी हसले, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "मोठ्या बाईंनी बोलावलं हुतं." मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी सांगितलं होतं, मुलगी तोंडी परीक्षा देत नाही, वाचून दाखवत नाही, दोन वर्षं झाली, आम्ही हात टेकले. हिला गावाकडे आजीपाशी ठेवा, तिथल्या शाळेत कदाचित बोलेल. मल्लिनाथांनीही मनाची तयारी केली होती. "गौरीला आज्जीकडं जाईल. तितंच ऱ्हाईल मग. काय करायचं बाई, आमी दोघं बी कामाला. पोरगी डोळ्याम्होरं असावी वाटतंय, पन तिचं वाटुळं बी व्हायला नको."

मोठ्या बाई काही वाईट नव्हत्या, हे मला इथे सांगायलाच हवं. त्यांना खरंच वाटत होतं की गावी पोर मोकळी होईल. आणि वळसंगची शाळा काही वाईट नव्हे, तिथं शिकून पोरं कुठल्या कुठे गेलीत. पण आईबापापासून लांब, आणि तेही 'बोलता येत नाही म्हणून शहरातून परत धाडलेली' असा शिक्का घेऊन? मला आठवीपर्यंतची मी दिसायला लागले. फरक एवढाच की मला कुणी परत धाडायला गावच नव्हतं.

मी त्या दिवसापासून तिच्या मागे लागले, आणि सांगते, सगळं उलटं केलं. शेजारी बसवून म्हटलं, "माझ्या एकटीच्या कानात म्हण." तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या शनिवारी सगळ्यांना तीन चरण म्हणायला लावले आणि चौथा भाग्यश्रीने एकटीने म्हणायचा असं ठरवलं. तीन चरण झाले. पंख्याचा आवाज तेवढा. तिच्या गळ्यापाशी काहीतरी हललं, ओठ उघडले, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. संपलं. मी त्या कार्ट्याला असं काही झापलं की माझाच आवाज बसला, पण त्याचा काय उपयोग? पुढच्या शनिवारी ती खांबाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली. तेव्हा मी तिचा नाद सोडला. म्हणजे तिला बोलतं करण्याचा नाद सोडला. संथा द्यायची, तिच्याकडे मुद्दाम बघायचं नाही, एवढंच ठरवलं. मात्र पंचांगात गौरी कधी आहेत ते मी रोज बघत होते.

श्रावणात शाळेत संस्कृत दिन साजरा करायचं ठरलं. मोठ्या बाई म्हणाल्या, भाषणं नकोत, तुमचा तासच दाखवा, पालकांना कळेल तरी तुम्ही काय करता ते. प्रमुख पाहुणे शिक्षण खात्यातले एक साहेब. हॉलमध्ये मुलं खाली, पालक मागे खुर्च्यांवर आणि भिंतीला टेकून. मल्लिनाथ दाराशी उभे होते. भाग्यश्री आपल्या खांबाला. मी जरीची साडी नेसले होते आणि माइक होता. हा माइकचा प्रकार मला आवडत नाही. स्वतःचा आवाज परत कानावर येतो आणि माणूस उगाच स्वतःवर खूश होतो.

आता पाठांतर करणाऱ्या लोकांचा एक खास अपघात असतो, तो सांगते. दोन श्लोकांत एखादा चरण एकाच शब्दाने सुरू होत असेल, तर जीभ एका श्लोकातून निघते आणि दुसऱ्या श्लोकात पोचते. कुर्डुवाडी जंक्शनला गाडीने रूळ बदलावेत तसं. म्हणणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण पुढचं सगळं घडाघडा येत असतं. कितीही मोठा शास्त्री असो, हे ज्याचं कधी झालं नाही त्याने फारसं पाठ केलेलंच नाही, असं खुशाल समजा. आमच्या मुलांच्या नदीच्या श्लोकात आणि ढगाच्या श्लोकात तिसरा चरण असाच एका शब्दाने सुरू होतो.

मी नदीचा श्लोक घेतला. पहिला चरण. मुलांनी दोनदा म्हटला, हॉल दुमदुमला. दुसरा चरण. साहेब मान डोलवत होते. तिसरा चरण मी सुरू केला आणि गेले ढगात. सगळी पोरं माझ्यामागून ढगात, एकदा, दोनदा, खणखणीत. पालकांना काय कळतंय, त्यांना कौतुकच. मला स्वतःलाही काही कळलेलं नव्हतं. मी चौथा चरण म्हणायला श्वास घेतला आणि खांबापासून आवाज आला.

"बाई, चुकलं!"

मी चिडले. खरं सांगते, मला आधी रागच आला. कार्यक्रम चाललाय, साहेब बसलेत, आणि मध्येच कोण हे? माइकवरच ओरडले, "कोण गं मध्ये बोलतंय?"

"मी. भाग्यश्री." ती उभी राहिली होती. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता. "ह्यो ढगाचा हाय बाई! आपुन नदीचा म्हणतूय न्हवं? नदीचा कुटं ऱ्हायला?"

आवाज मोठा होता. दोन वर्षं आत ठेवलेला आवाज. आणि मग तिचं तिलाच कळलं की आपण बोललो. तेवढ्यात कुठूनतरी खुसखुस झाली, कुणीतरी हळूच "हाय" म्हणालं. मी बघत होते, तिचा हात तोंडाकडे निघाला.

त्यानंतर मी काय केलं ते मी विचार करून केलं असं म्हणायची माझी टाप नाही. पाठ झालेली रीत होती, ती आपोआप घडली. मी माइक टेबलावर ठेवला, तो किंचाळला. साडी सावरली आणि पोरांच्या पहिल्या रांगेत जमिनीवर बसले. गुडघे असे वाजले की साहेबांनी वाकून बघितलं. मी मागे वळून म्हटलं, "बरोबर आहे. माझी चूक पकडलीस. रीत ठाऊक आहे ना? दे संथा."

ती हलेना. मला दाराशी मल्लिनाथ दिसत होते, दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेले. मी पुन्हा म्हटलं, "अगं दे की! किती वेळ बसू मी अशी? पाय आखडले माझे."

आणि तिने दिली. खांबाला एक हात लावून, डोळे मिटून, नदीच्या श्लोकाचा तिसरा चरण. पहिल्यांदा बारीक आवाजात. आम्ही दोनदा म्हटला, मी सगळ्यात मोठ्याने. मग चौथा. मग दोन्ही जोडून. तिसऱ्या खेपेला तिने डोळे उघडले आणि हात खांबावरून काढला. तिचा 'हायन्हाय' करणारा कार्टा माझ्या शेजारीच बसला होता, तोही ओरडून म्हणत होता. संथा म्हणणाऱ्याला हसता येत नाही हो, तोंड रिकामंच नसतं. दाराजवळ मोठ्या बाई उभ्या होत्या, त्यांचेही ओठ हलत होते. मी तोंडाने श्लोक म्हणत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, जरीच्या पदराला पुसायची सोय नाही, टोचतो.

कार्यक्रम संपल्यावर मल्लिनाथ घाईघाईने माझ्याकडे आले. मला वाटलं, आनंदाने येतायत. तर हात जोडून म्हणाले, "बाई, माफी करा. पोरीला अक्कल न्हाय. साहेबाम्होरं तुमाला चुकलं म्हणली. आता मोठ्या बाई नाव काढून टाकत्याल का वो?"

मला हसावं की रडावं कळेना. पोर दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली आणि बाप माफी मागतोय! मी म्हटलं, "मल्लिनाथ, ती चुकलं म्हणाली कारण मी चुकले. आणि ती एवढ्या लोकांत म्हणाली. तुमच्या ध्यानात येतंय का काय झालं ते?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले, तिथेच, पायरीवर. मोठ्या बाई आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "गौरीला न्या आजीकडे, पण परत आणा." एवढंच.

त्या दिवसापासून सोलापुरात माझी ख्याती झाली आहे की गड्डम बाई मुद्दाम चुकल्या. काय ती युक्ती, काय ते बालमानसशास्त्र! साहेबांनी तर कुठल्या तरी प्रशिक्षणात हे उदाहरण सांगितलं म्हणे. मी पहिल्यांदा खोडून काढत होते. नाही हो, वय झालं, घसरले. कुणी विश्वासच ठेवत नाही, म्हणतात, बाईंचा विनय. आता मी गप्प बसते. मुद्दाम चुकायला मला आधी सुचायला तर हवं होतं! जे मुद्दाम केलं होतं ते सगळं फसलं होतं.

आणि कुणी यावरून असंही समजू नये की अमुक श्लोक म्हटला की न बोलणारं मूल बोलतं. उद्या पार्किंगमध्ये रांग लागेल आणि स्कूटरी ठेवायला जागा उरणार नाही. गप्प राहणाऱ्या मुलांची कारणं हजार असतात, डॉक्टरांनाही दाखवावं लागतं. मला एवढंच ठाऊक आहे की संथेत बोलण्याआधी ऐकायचं असतं, आणि आमच्या वर्गात सगळ्यात जास्त ती पोर ऐकत होती. आम्ही सगळे ओरडण्यात दंग होतो आणि ती एकटी शब्दन् शब्द पारखून घेत होती. तिला श्लोक इतका पक्का ठाऊक होता की चुकीचा ऐकून तिला राहवेना. स्वतःची भीती विसरून जावी इतकं काहीतरी पक्कं ठाऊक असणं, हे मुलाला मिळालं तर आणखी काय हवं? मी याला फायदा म्हणणार नाही, संपादकांना म्हणायचं तर त्यांनी म्हणावं.

एक हळहळ आहे. माझ्यामागे हे तास कोण घेईल, ठाऊक नाही. आता मुलं संस्कृत घेतात ती मार्क चांगले पडतात म्हणून, आणि परीक्षा झाली की विसरतात. त्यांचं काही चुकतं असं नाही. पण तोंडातून तोंडात जाणारी ही वस्तू आहे, एक पिढी गप्प बसली की संपली. असो, दिवाळीच्या दिवसांत रडगाणं नको.

भाग्यश्री गौरीला वळसंगला गेली. ती चार दिवसांत येणार होती, पण सुट्टी लांबली, मध्ये एक शनिवार गेला आणि खांब रिकामा दिसला. माझं त्या दिवशी संथेत लक्ष नव्हतं. मल्लिनाथांना फोन करावा असं दहादा मनात आलं. नाही केला. आजीने ठेवून घेतलं असेल, पोरीलाच तिथे बरं वाटलं असेल, आपण कोण विचारणारे, असं स्वतःलाच समजावत राहिले.

पुढच्या शनिवारी मी हॉलमध्ये शिरले तर पोरांचा नुसता कालवा. खांबापाशी कुणी नाही. मी चपला काढल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि वर बघते तर पहिल्या रांगेत दोन घट्ट वेण्या, तेल चपचपीत. मांडीवर कापडी पिशवी. तिने ती उचलून माझ्या टेबलावर आदळली.

"आज्जीनं शेंगा दिल्यात. तुमाला. भाजून खावा म्हणली."

"आणि शेळी काय म्हणते?"

"बरी हाय." मग माझ्याकडे जरा संशयाने बघत म्हणाली, "आज कंचा घेनार बाई?"

"नदीचा."

तिने मांडी घातली, वेण्या मागे टाकल्या आणि सगळ्या वर्गादेखत मला दम भरला, "मग ध्यान दिऊन म्हणा."

मी ध्यान देऊन म्हटला.